पाठमोरी

मुलगी खिडकीपाशी पाठमोरी उभी होती, आणि हे स्वप्न आहे हे वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या तिच्या बापाच्या लक्षात आलं. लक्षात आलं रे आलं की स्वप्न मोडायचं, हा नेहमीचा अनुभव. ती जन्मायच्या आधीच त्याची दृष्टी गेली होती. परवा तिचं लग्न होतं. ती सासरी जायच्या आत एकदा तरी तिचा चेहरा पाहायचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

उपाय तिनेच सांगितला होता. ती झोपेच्या तक्रारींच्या दवाखान्यात कामाला होती. "स्वप्नात हाताला काहीतरी काम द्या, बाबा. अंथरुणातलं अंग मनाला सारखं परत ओढत असतं. मन स्वप्नातल्या बोटांत गुंतलं, तर त्याला तिकडे बघायला सवडच उरत नाही."

खिडकीची कड विरायला लागली, तसा तो खाली बसला आणि शेजारच्या अर्धवट विणलेल्या खुर्चीवर हात फिरवू लागला. वेताच्या पट्ट्या ओलसर होत्या. एक गाठ सैल लागली. सैल गाठ हाताला लागली की त्याला चैन पडत नसे. त्याने ती ओढून घट्ट केली. खोली जागच्या जागी राहिली. मुलगी वळली आणि हसली.

सकाळी तो चहाचा कप घेऊन बसला.

"मग, दिसले का मी?" तिने नेहमीच्या खेळकर आवाजात विचारलं.

"तुझी आई दिसली. आमच्या लग्नातली."

"स्वप्न तरी आणणार कुठून, बाबा? तुमच्याकडे आहे तेच दाखवणार." ती हसली. "एवढे हुशार हात, आणि वेताशिवाय कशाला लावत नाही. हा घ्या चेहरा."

ती मोठी झाल्यापासून त्याने संकोचाने तिच्या डोक्यावर काय तो हात ठेवला होता. आता त्याने दोन्ही हात तिच्या चेहऱ्याला लावले. कपाळ रुंद होतं, थेट त्याच्यासारखं. त्याला भरून आलं. मग बोटं डोळ्यांशी गेली. पापण्या सुजलेल्या होत्या. गाल ओले होते, आणि ती अजून हसतच होती.

स्थळ त्याने पसंत केलं होतं. तारीखही त्यानेच ठरवली होती.

"तुला करायचंय का हे लग्न?" हात न काढता त्याने विचारलं.

तेव्हा कुठे ती हसायची थांबली.