लांबलेला पुकारा

"तहकुबीचा पुकारा एवढा कशाला ताणता हो, ऑर्विल? लोकांचे उभं राहून पाय दुखतात," नव्या न्यायाधीश ओर्तेगाबाई म्हणाल्या. अमेरिकेतल्या डुलुथच्या फेडरल कोर्टातला त्यांचा तो पहिलाच आठवडा होता.

म्हाताऱ्या चोपदाराला सांगावं की नको, कळेना. मग त्यानं सांगूनच टाकलं.

"तुमच्या आधीच्या न्यायाधीश लुंडग्रेनबाईंमुळे लागलेली सवय, मॅडम. त्या अंगानं ठेंगण्या. 'टाचा नसल्या तर हे वकील माझ्या डोक्यावरून बोलतात,' म्हणायच्या. म्हणून उंच टाचांचे बूट घालून यायच्या, आणि खुर्चीत बसल्या की टेबलाखाली काढून टाकायच्या. उठताना ते काही केल्या पायाला लागायचे नाहीत. मग मी 'देव या देशाचं आणि या न्यायालयाचं रक्षण करो' हे घोळवून घोळवून म्हणायचो. खालून टाच वाजली की थांबायचो."

"आणि आता?"

"आता वाजत नाही. त्यामुळे कुठे थांबावं तेच कळत नाही."



फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते. लुंडग्रेनबाई गेल्या हिवाळ्यात जाईपर्यंत त्याच खुर्चीत बसत होत्या. पण आता खुर्ची दुसऱ्याची होती. दुसऱ्या दिवशी ऑर्विलनं मन घट्ट केलं आणि एका दमात पुकारा उरकला. सगळं कोर्ट उभं राहिलं. ओर्तेगाबाई मात्र बसूनच होत्या. त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या,

"पुन्हा म्हणा. जरा सावकाश. उजवा बूट सापडत नाहीये."