अकरावा ठसा

हॉलच्या बंद काचेवर हातांचे अकरा ठसे होते, सगळे पसरलेल्या बोटांचे. गुहांमधल्या चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या हातठशांचे फोटो मोजून हात मोठ्या माणसाचा की मुलाचा ते ठरवणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे घरातलेही मोजले गेले.

"पुसू नकोस गं," प्रबोध हसला. "आपल्या ओवीची गुहा आहे ती. तीन वर्षांच्या पोरीने एवढं काढलंय."

मी ओलं फडकं फिरवलं. दहा ठसे गेले. अकरावा जाईना, कारण तो काचेच्या बाहेरून उमटलेला होता. आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे.

"अगं, माझाच असेल! तुळशीला पाणी घालताना टेकला असेल हात."

तुळस बाहेर, एसीच्या कट्ट्यावर. शेजारची खिडकी सरकवून, एक पाय कट्ट्यावर टाकून तो रोज तिला पाणी घालतो. म्हणून त्या खिडकीच्या जाळीला कुलूप नसतं.

"आज मात्र कुंडी आधीच ओली होती," तो म्हणाला. "तू घातलंस ना पाणी?"

"मी? नाही."

मी पट्टी आणली. प्रबोधच्या तळव्याची रुंदी साडेआठ सेंटिमीटर भरली. माझ्या तळव्याची साडेसात.

काचेबाहेरच्या ठशाची पाच.