खांद्यावरचा हात
वाराझदिन शहरातल्या आमच्या शर्टांच्या कारखान्याला कटिंग मास्टर हवा होता. अर्ज आले एकशे बारा, आणि सगळेच 'मेहनती, प्रामाणिक'. एका दिवट्याने तर अर्जात दुसऱ्याच कारखान्याचं नाव तसंच ठेवलेलं. असले अर्ज मी थेट टोपलीत टाकते. समोरच्या टेबलावरची झोर्का फिदीफिदी हसली. "ताई, हा नमुना बघा! लग्नाच्या फोटोतून बायको कापलीय, पण तिचा हात राहिलाय खांद्यावर. आणि खाली लिहितो, अविवाहित!" मी फोटो घेतला. अकरा वर्षांपूर्वीचा तोच गुळगुळीत चेहरा. खांद्यावरच्या हाताच्या अंगठ्यावर इस्त्रीने भाजल्याचा डाग होता. मी माझा अंगठा त्याच्या शेजारी टेकवला, तसं झोर्काचं हसू विरलं. डाग तोच होता. "अगं बाई! मग आता?" मी नामंजुरीचा शिक्का मारला. तिने चाचरत विचारलं, "कारण काय लिहू?" "खरं तेच लिही. साधं कापताही येत नाही."