जीभबाईंचा ग

"दाडी," भिंगरी म्हणाली.

"गाडी," जीभबाई म्हणाल्या. "जीभ मागे. पुन्हा."

"दाडी."

जीभबाईंनी आइस्क्रीमची काडी तिच्या जिभेच्या शेंड्यावर दाबली. शेंडा वर उठला की गचा द होतो, म्हणून तो दाबून धरायचा, हे त्यांचं अख्खं शास्त्र. भिंगरी सहा वर्षांची. क तिला गेल्या सत्रातच जमला होता; ग आणि घ मात्र हटून बसले होते. गाढवाचं दाढव, गणिताचं दणित, आणि स्वतःच्या टोपणनावाचं भिंदरी.

जीभबाई हे नाव पोरांनीच ठेवलेलं. हुद्दा वाणी-उपचार मदतनीस, सरकारी शाळा तीन, आणि प्रत्येक शाळेत खोली अशी की जिथं दुसरं काही करता येत नाही. इथली खोली खेळाच्या सामानाची. खिडकी नाही, फुटक्या चेंडूंचा वास मात्र भरपूर. वाणी-उपचाराच्या मोठ्या बाई अधूनमधून यायच्या आणि "तुमच्या पक्क्या नोकरीचं बघू हं" म्हणून जायच्या. दुसरीकडे जावं, तर मदतनिसाला विचारतो कोण?

परवा घरी नवऱ्याला त्या चक्क "दार पाणी दे" म्हणाल्या. नवरा खो खो हसला. "आता तुलाच शिकवणी लावायला हवी." जीभबाईंना हसू आलं नाही. जन्मभर त्याच खोलीत लोकांच्या जिभा दाबत बसणार आपण, असं त्यांना वाटलं.

सत्र संपताना मोठ्या बाई भिंगरीला तपासणार होत्या. ग आला नाही, तर तिची रवानगी गावाबाहेरच्या विशेष शाळेत. इतकी तल्लख पोर, आणि एका अक्षरापायी! जीभबाईंनी मनावरच घेतलं. आपण नाही, तर निदान ही तरी या खोलीतून सुटू दे.

पोर गुणी होती, पण एक खोड. खोलीचं दार लावू द्यायची नाही. बाहेर कवायतीचा ढोल सुरू झाला की जीभबाई दार ओढायच्या, आणि ही आपली पाण्याची बाटली फटीत सरकवायची.

"पळायची तयारी का गं?" त्या चिडवायच्या. भिंगरी हसायची नाही.

सोमवारी तर हमखास घसा बसलेला. एकदा मुठींची कातडीही सोललेली दिसली.

"अगं, हे काय?"

"धरी दार लादतं."

एव्हाना जीभबाईंना भिंगरीची भाषा पाठ झाली होती. घरी गार लागतं. गारठ्यानंच घसा बसणार, गारठ्यानंच हात फुटणार.

"गार म्हण. गार."

"दार." भिंगरी जोरजोरात मान हलवायला लागली. "दार!"

"जमेल गं, जमेल. रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलीचा जुना स्वेटर आणला, मुठींना मलम लावलं. आणि तेच वाक्य सरावाला घेतलं. तोंडातलं वाक्य पोरं लवकर पकडतात, आणि यात तर एक घ आणि दोन ग. आयतंच सापडलं.

भिंगरीची आई लॉन्ड्रीत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी तिथं काम जास्त, म्हणून ती कायम दमलेली. एका दुपारी जीभबाईंनी तिला शाळेच्या फाटकात गाठलं.

"घरी काय होतं ते सांगत होती ही मला."

आईचा हात भिंगरीच्या खांद्यावर थांबला. "काय सांगत होती?"

"घरी गार लागतं म्हणे."

"गार होय," आई म्हणाली. "हो, ओल आहे भिंतींना."

"मग दार नीट लावत जा ना. फटीतून वारा येत असेल."

"लावते हो. विसरत नाही कधी." आईनं भिंगरीला जवळ ओढलं. "तिच्या बोलण्याचं एवढं मनावर घेऊ नका, बाई. नाही बोलली तरी आमचं अडत नाही."

जीभबाईंना संताप आला. पोरीच्या जिभेवर आपण रक्त आटवतोय, आणि सख्ख्या आईचं अडत नाही! त्या दिवसापासून त्यांनी डबा खायच्या सुट्टीतही शिकवणी सुरू केली. काडी झाली, गुळण्या झाल्या, मान मागे टाकून झालं. आणि एके दिवशी, काडी न लावता, भिंगरी म्हणाली, "गाडी."

"पुन्हा."

"गाडी. गाय. गाढव. घर."

जीभबाईंनी तिला उचलूनच घेतलं. डोळे भरून आले होते, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

तपासणीला मोठ्या बाई आल्या. आईलाही बोलावलं होतं. ती भिंतीला टेकून खुर्चीच्या कडेवर बसली. शिपाई चहा ठेवून गेला आणि जाताना दार ओढून घेतलं. भिंगरीनं एकदा तिकडे पाहिलं, पण शब्द सगळे बिनचूक म्हटले.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता एखादं वाक्य."

"आपलं वाक्य म्हण," जीभबाई खुशीत म्हणाल्या. "रोजचं."

"घरी दार लागतं."

घ स्वच्छ आला होता. लागतंमधला गही खणखणीत. नेमका मधलाच हुकला. जीभबाईंचा चेहरा पडला.

"अजून चुकतंच तिचं," आई घाईनं म्हणाली आणि उठली. "चल गं."

"थांबा, येतं तिला." जीभबाई भिंगरीपुढे वाकल्या. "जीभ मागे घे. गार."

"गार," भिंगरी म्हणाली. अगदी स्पष्ट. मग तिनं बंद दाराकडे बोट केलं. "गार नाही लागत, बाई. दार लागतं. बाहेरून."