छातीपर्यंतच्या भिंती

पेंटरच्या मानेला आठ महिने पट्टा होता. मानेत नस दबली आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं. उजवा हात छातीच्या वर जाईना, त्यामुळे त्यानं रंगवलेल्या भिंती छातीपर्यंतच नव्या दिसत. शेवटी कंत्राटदार म्हणाला, "छत जमत नसेल तर घरी बस."

घरी बसायच्या तयारीनं तो टेलरकडे गेला. "मास्तर, शर्टांच्या कॉलरी काढून टाका. पट्ट्याखाली टोचतात."

मास्तरांनी पट्टा सोडवून त्याची मान डावी-उजवी वळवून पाहिली. पेंटरनं हूं की चूं केलं नाही. मग मास्तरांनी कोपर धरून हात जरासा बाहेर वळवला, तर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"पेंटरबुवा, कॉलर बिचारी निर्दोष आहे. गडबड बाही जोडतात तिथे आहे."

पेंटर तडक दवाखान्यात गेला. डॉक्टरांनीही हात तसाच वळवून पाहिला. "खरंच की, खांदाच आखडलाय. व्यायामानं सुटेल, छतही रंगवाल. पण हे सांगितलं कुणी?"

"टेलरनं."

डॉक्टरांनी उठून दार लोटलं आणि गळ्याचा मफलर सोडला. आत पट्टा होता.

"दुकान किती वाजता उघडतं त्यांचं?"