चार बोटं वरून

सत्ताविसाव्या किलोमीटरला राजाभाऊ बसले. बसले कसले, वाळूत मटकन कोसळलेच. पण माणूस हट्टी. म्हणाले, "जरा बूट झाडून घेतो."

मल्हारही थांबला. खरं सांगायचं तर थांबायला त्याला निमित्तच हवं होतं. ब्रांडेनबुर्गमधलं हे मैदान रणगाड्यांनी कधीकाळी इतकं तुडवलं होतं की अजून तिथे धड गवत उगवत नव्हतं. नुसती वाळू, आणि वर सदतीस डिग्रीचं ऊन. ऑक्टोबरात जॉर्डनच्या वाळवंटात शंभर किलोमीटर पळायचं, म्हणून जुलैपासून दर शनिवारी ड्रेस्डेनहून इथे यायचं. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत एसीत बसणाऱ्यांना हे सुखातले जीव दुःखात घालायचे उद्योग कुणी सांगितले होते, देव जाणे.

तिसरी त्यांच्यातली सुरुची, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी, वयाने राजाभाऊंच्या निम्मी. "काका, तो घाम नाहीये, तुमची पाण्याची पिशवी गळतेय!" असं ती मागून ओरडली, तोवर राजाभाऊंच्या पाठीवरची पिशवी रिकामी झाली होती. मग गाडीतलं पाणी आणायला तीच पुढे पळाली. जाऊन येऊन दहा किलोमीटर. म्हणजे सव्वा तास तरी कुठे गेला नाही.

मल्हारकडे अर्धी बाटली उरली होती. त्याने ती राजाभाऊंच्या हातात दिली.

राजाभाऊंनी मान मागे टाकली, बाटली ओठांपासून चार बोटं वर धरली आणि ओतली. नेम काही लागेना. पहिला घोट दाढीत गेला, दुसरा गळ्यावरून छातीवर. बाकीची धार वाळू प्यायली.

"राजाभाऊ, तोंड लावा."

"नको रे. उष्टी होईल तुझी बाटली."

"होऊ दे."

"अरे, सवय आहे मला," असं म्हणून त्यांनी पुन्हा चार बोटं वरूनच धार धरली. पुन्हा तेच. या वेळी नाकात पाणी जाऊन ठसका लागला.

अकरा वर्षं मल्हार ही धार बघत होता. राजाभाऊ त्याच्या घरी जेवायचे, त्याच्या बायकोच्या हातचे धपाटे मागून न्यायचे, त्याच्या लेकीला खांद्यावर घेऊन ख्रिसमसच्या बाजारात फिरायचे. माणूस म्हणजे सोनं. पण पळताना पाणी मागितलं की वरून. ही रीत, की आणखी काही? मल्हारच्या गावात त्याचं आडनाव ऐकलं की तांब्या असाच वर जायचा, ओंजळीपासून हातभर. त्यामुळे त्याला हा प्रश्न पडायचा, आणि विचारायची लाज वाटायची. विचारलं आणि नको ते उत्तर मिळालं तर? अख्ख्या ड्रेस्डेनमध्ये त्याला तेवढा एकच मित्र होता.

आज मात्र तो इतका दमला होता की लाजसुद्धा पेलवेना.

"अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "माझ्या बाटलीला एकदाही तोंड लावलं नाहीत तुम्ही. इथे मरायला टेकलायत, तरी लावत नाही. का ते एकदा सांगून टाका."

राजाभाऊंनी ठसका आवरला. लालभडक डोळ्यांनी ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना प्रश्न कळला होता. न कळल्याचा आव आणायचं त्राण त्यांच्यातही नव्हतं.

"आमच्या आईने लावलेली सवय आहे," ते म्हणाले. "तिने का लावली, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं." थोडा वेळ धापा टाकून ते पुढे बोलले, "आणि तू रे? तू कधी लावलंस माझ्या बाटलीला तोंड?"

मल्हारनेही नव्हतं लावलं. एकदाही नाही. आपण तोंड लावायचं आणि नंतर राजाभाऊ ती बाटली नळाखाली धरून खसाखसा घासताना दिसायचे, या भीतीने तो स्वतःच आपला लांब राहिला होता. पुढच्याला कशाला संधी द्या.

"अकरा वर्षं," राजाभाऊ म्हणाले. "काय गाढव माणसं आहोत आपण."

मग त्यांनी बाटली दोन्ही हातांनी धरली, ओठांत घट्ट पकडली आणि लहान मुलासारखे गटागटा प्यायले. डोळे मिटून प्यायले. हेच तर बघायचं होतं मल्हारला इतकी वर्षं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही असावा. पण उन्हाने डोकं इतकं बधिर झालं होतं की त्याला फक्त रडू आलं, आणि डोळ्यांत तेवढंही पाणी नव्हतं.

राजाभाऊ मध्येच थांबले. तळाशी दोन घोट राहिले होते. त्यांनी बाटली त्याच्यापुढे धरली.

"घे. तूही लाव आता."

मल्हारने बाटली घेतली. तिचं तोंड ओलं होतं, चकाकत होतं. त्याने ती उचलली, आणि त्याचा दुसरा हात आपसूक टी-शर्टच्या टोकाकडे गेला. टोक बाटलीच्या तोंडापर्यंत पोचलं, तेव्हा कुठे आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. हात तिथेच थिजला.

राजाभाऊंनी ते पाहिलं होतं. त्यांनी हळूच नजर वळवली आणि ते बुटाची नाडी सोडू लागले.

"पूस, पूस," ते म्हणाले. "वाळू लागलीय त्याला."

बाटलीच्या तोंडाला वाळूचा एक कणही नव्हता.