बाईंनी सांगितलेला आकडा

“महिन्याभरात काय काय खाल्लंत ते सगळं सांगा. घरचं, बाहेरचं, चोरून खाल्लेलंसुद्धा,” मोजणीबाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या आजोबांनी मागे उभ्या असलेल्या बायकोकडे चोरून पाहिलं. “हिच्यासमोर सांगू?”

“सांगा. तुम्ही लपवलंत तरी यंत्र बोलणारच आहे.”

रांगेत हशा पिकला. शेजाऱ्याच्या झाडाची फळं रोज खात होतो, असं आजोबांनी कबूल केलं. बाईंनी यंत्राचं नळकांडं त्यांच्या गळ्याशी धरलं, मग छातीशी. पडद्यावरचा आकडा पाहिला. “काळजी नको. पण फळं बंद.”

“ऐकलंत?” आजी म्हणाल्या, आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेल्या.

अणुवीज केंद्रात स्फोट झाल्यापासून शाळेच्या सभागृहात ही मोजणी चालू होती. कोणाच्या अंगात किती किरणोत्सर्ग शिरलाय ते पाहायचं, आणि जास्त निघाला की माणसाला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं. औषध वेळेवर सुरू झालं तर निभावून जायचं. उशीर झाला तर डॉक्टरही हात टेकायचे.

मोजणीबाईंचा नवरा अग्निशमन दलात होता. स्फोटानंतर केंद्राच्या साहेबांनी ‘साधी आग आहे’ असं फोनवर सांगून बंब बोलावले होते. साध्या आगीच्या कपड्यांत आत गेलेला नवरा हॉस्पिटलातून घरी आलाच नाही.

“आज तो साहेब येतोय,” नोंदणीच्या टेबलावरून नणंद हलक्या आवाजात म्हणाली. “टीव्हीवाल्यांना घेऊन. रोज कॅमेऱ्यासमोर बंगल्याच्या बागेतली भाजी खातो आणि वर विचारतो, बघा, मला काही झालं का? माझा भाऊ गिळला त्याने. वहिनी, तू त्याला असाच जाऊ देणार?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “असा नाही जाऊ देणार.”

दुपारी साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तयार हसू. रांगेकडे न बघता ते थेट खुर्चीत बसले.

“मोजा बाई. सगळ्यांना दिसू दे, मी ठणठणीत आहे.”

बाईंनी गळ्याशी मोजलं. छातीशी मोजलं. पडदा फक्त त्यांना दिसत होता. त्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. मग एकदम उठल्या. त्यांचं स्टूल मागे कोसळलं.

“आकडा भयंकर आहे!” त्या किंचाळल्या. “अख्ख्या गावात कोणाच्या अंगात नाही एवढं विष आहे तुमच्यात! आजच्या आज औषध घ्या, बागेतलं पानही तोंडात घालू नका. नाहीतर माझ्या नवऱ्यासारखे जाल! त्याला मारलंत ना? आता भोगा!”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपसूक गळ्याकडे गेला.

तरुण डॉक्टर धावत आले. “बाई, शांत व्हा. सरका जरा, मी पुन्हा मोजतो.”

“यंत्राला हात लावायचा नाही!” बाईंनी खटका दाबला. पडदा काळा झाला.

साहेबांनी ते पाहिलं. हळूहळू त्यांचा हात खाली आला, चेहऱ्यावर रंग परतला. ते कॅमेऱ्याकडे वळले.

“या ताईंचे यजमान गेले,” ते मऊ आवाजात म्हणाले. “मला त्यांचा राग नाही. दुःखात माणूस वाटेल तो आकडा सांगतो.”

“साहेब, खात्रीसाठी दुसरीकडे मोजून घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“या बाईंच्या सांगण्यावरून? म्हणजे उद्या गावभर होईल, साहेब घाबरले! नावच काढू नका.”

बाईंना त्याच दिवशी कामावरून काढलं. घरी आल्यावर नणंदेने कपाळाला हात लावला. “कशाला खोटं बोललीस गं? नोकरी गेली, लोक वेडी म्हणतायत. आणि त्याचं काय वाकडं झालं?”

बाईंनी टीव्ही लावला. साहेब बागेत उभे राहून हिरवा पाला मिटक्या मारत खात होते. पूर्वीपेक्षा जास्तच खात होते. ‘वेड्या बाई’वरून विनोदही झाला. बाईंनी तो सगळा कार्यक्रम पाहिला, दुसऱ्या दिवशीचाही.

हिवाळा सरता सरता डॉक्टर त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“साहेब आता वाचत नाहीत,” ते म्हणाले. “मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी मागचा सगळा हिशेब मांडला. बाई, तुमचा आकडा खरा होता. तेव्हा औषध सुरू झालं असतं तर ते वाचले असते.”

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरांनी तो घेतला नाही.

“मग खरं सांगताना एवढा तमाशा कशाला केलात?” त्यांचा आवाज चढला. “शांतपणे, कानात सांगितलं असतंत, तर त्यांनी ऐकलं असतं!”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच ओरडले.”